दोघांची राहुटी

दुकानांतील गुळगुळीत फरशीवर उभारलेला तंबू नेहमींच प्रशस्त दिसतो. तेथें वारा नसतो, पाऊस नसतो, पाठीवरच्या पिशव्या ठेवावयाच्या कोठें हा प्रश्न नसतो. आणि आंत वांकून पाहणारें गिऱ्हाईक बहुधा एकटेंच असतें. 'दोघांसाठीं' असें पिशवीवर छापलेलें असतें, विक्रेताहि तसेंच सांगतो, आणि पैसे मोजून तंबू घरीं येतो. खरी परीक्षा पुढें डिसेंबरांतल्या एखाद्या रात्रीं हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर, किंवा मनालीहून लेहला जातांना सर्चूच्या माळावर होते. सर्चूची उंची समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक. तेथें तंबू बदलून मिळत नाहीं, आणि झोपावयाची पिशवी भिजली तर दुसरी कोणी देत नाहीं. म्हणून तंबू पाहावयाचा तो दुकानांत उभें राहून नव्हे. रात्रीचे दोन वाजले आहेत, बाहेर वारा सुटला आहे आणि आंत दोन माणसें आपल्या सामानासह निजलीं आहेत, असें समजून पाहावयाचा.

आधीं मापाचा हिशेब. निजण्याची नेहमींची मॅट ५१ सेंटिमीटर, म्हणजे वीस इंच रुंद असते. दोन मॅटी शेजारीं शेजारीं घातल्या म्हणजे १०२ सेंटिमीटर झाले. दोघांचा म्हणून विकला जाणारा तंबू पुष्कळदां सव्वा मीटर रुंद असतो. राहिली काय, तर वीतभर जागा. तेवढ्यांत दोघांचे चष्मे, विजेऱ्या, पाण्याच्या बाटल्या आणि कपड्यांचीं बोचकीं मावलीं पाहिजेत. एखाद्यानें हौसेनें ६४ सेंटिमीटरांची रुंद मॅट घेतली असेल, आणि सोबत्याचीहि तशीच असेल, तर त्या दोन मॅटी त्या तंबूंत मावतच नाहींत. त्यांतहि कित्येक तंबू डोक्याकडे रुंद आणि पायांकडे निमुळते शिवलेले असतात. छापलेलें माप मात्र रुंद बाजूचें असतें. एवंच, 'दोघांचा' या शब्दाचा कारखान्यांतील अर्थ 'दोन माणसें आडवीं होऊं शकतात' इतकाच आहे. त्यांनीं कूस बदलावी, उठून बसावें, सदरा बदलावा, हें त्या अर्थांत येत नाहीं.

लांबीचा हिशेब याहून फसवा आहे. तंबूच्या भिंती उभ्या नसतात, उतरत्या असतात. तळ २१५ सेंटिमीटर लांब असला, तरी जमिनीपासून वीतभर वर, जेथें माणसाचें डोकें आणि पावलें असतात, तेथें ही लांबी बरीच कमी होते. साडेपांच फूट उंचीच्या माणसास याची फारशी झळ लागत नाहीं. सहा फुटी माणसाची पिशवी मात्र पायांकडे कापडास टेंकते, आणि सकाळीं ती टोंकाशीं ओलीचिंब सांपडते. पिशवी पिसांची असेल तर भिजलेला भाग ऊब धरीत नाहीं. थंड मुलखांत ही केवळ गैरसोय राहात नाहीं. पाय रात्रभर गारठतात, झोप येत नाहीं, आणि दुसरे दिवशीं चढावयाची घाटी त्याच पायांनीं चढावयाची असते.

उंचीसंबंधानें एकच कसोटी पुरे. दोघेहि एकाच वेळीं ताठ बसूं शकतात काय? बसलेल्या प्रौढ माणसाची उंची पाऊण मीटराहून अधिक, कित्येकांची तर नव्वद सेंटिमीटरांपर्यंत असते. तंबूची उंची मधोमध एक मीटर असली, तरी ती त्या एकाच बिंदूशीं असते. तेव्हां एकजण मधोमध बसणार आणि दुसरा मान वांकवून कोपऱ्यांत, असा प्रकार होतो. रात्रीपुरतें तें चालतें. परंतु पावसानें किंवा बर्फानें दिवसभर आंत कोंडून घातलें, तर उत्तम मैत्रीहि त्या एका बिंदूवरून विटते.

यावरूनच दारांचा विचार येतो. एकच दार असलेला तंबू हलका असतो आणि स्वस्तहि असतो. दार डोक्याकडे असेल तर फारसें बिघडत नाहीं. पण तें एका बाजूस असेल, तर आंतल्या अंगास निजलेल्यानें रात्रीं बाहेर जावयाचें म्हणजे सोबत्याच्या अंगावरून जावयाचें. दोन बाजूंस दोन दारें, आणि प्रत्येक दारापुढें बाहेरच्या कापडाची छोटीशी पडवी, ही रचना दोघांस खरोखर सुखाची होते. पडवींत ज्याचे त्याचे बूट, ज्याची त्याची पिशवी. चिखल तेथेंच राहातो. या सोयीसाठीं वजन पाव किलोनें वाढलें तरी तें सोसावें. तंबूच्या जाहिरातींत ज्या ज्या सोयी वर्णिलेल्या असतात, त्यांपैकीं निम्म्या सोडून देतां येतील, परंतु ही नव्हे.

तंबू ही वस्तु महाराष्ट्रास नवी नाहीं. पाल, राहुटी, डेरा, कनात, मेख, तणावा हे शब्द लष्कराबरोबर खेडोपाडीं हिंडलेले आहेत. पण त्या तंबूंचें ओझें बैलांच्या आणि उंटांच्या पाठीवर असे. माणसानें आपला तंबू आपणच वाहून न्यावयाचा, ही कल्पना अलीकडची. आल्प्समध्यें एडवर्ड व्हिंपर यानें १८६० नंतरच्या दशकांत गिर्यारोहकांसाठीं एक बळकट तंबू बेतला. पुढें आल्बर्ट ममरी यानें बर्फांत वापरावयाच्या कुऱ्हाडीच खांब म्हणून लावून दांड्यांचें वजनच वजा केलें. हा ममरी १८९५ सालीं नंगा पर्वतावर नाहींसा झाला; त्याच्या नांवाचा तंबू मात्र मागें राहिला. सायकलवर तंबू घालून हिंडण्याची चाल पाडण्यांत थॉमस हायरम होल्डिंग या लंडनच्या एका शिंप्याचा मोठा वांटा आहे. १९०१ सालीं सायकलवरून छावणी करणाऱ्यांचा जो संघ स्थापन झाला त्याचा हा संस्थापक. १९०८ सालीं त्यानें या विषयावर एक मोठें पुस्तकहि लिहिलें. कापड, शिवण आणि वजन यांचा मेळ कसा घालावा, हें एका शिंप्यास प्रथम सुचावें यांत नवल नाहीं. आजचा तंबूहि शेवटीं शिवणकामच आहे.

आतां तंबूंत होणाऱ्या ओलीविषयीं. 'तंबू गळतो' ही नव्या प्रवाशाची पहिली तक्रार असते, आणि ती बहुधा चुकीची असते. पाऊस मुळींच पडलेला नसतो, आभाळ स्वच्छ असतें, आणि तरीहि पहाटे कापडाच्या आंतल्या अंगास थेंब लोंबत असतात. हें पाणी आलें कोठून? तें निजणाऱ्यांच्या श्वासांतून आणि घामांतून आलें. दोन माणसें रात्रभरांत मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपानें बाहेर टाकतात. दिवाळीनंतर सह्याद्रींत रात्री निरभ्र असतात. अशा रात्रीं तंबूचें कापड आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेंकीत राहातें, आणि भोंवतालच्या हवेहूनहि अधिक थंड होतें. गवतावर दंव पडतें तें याच कारणानें. कापडाच्या बाहेरून दंव पडतें आणि आंतून श्वासाची वाफ थिजते. मध्यें सांपडलेला प्रवासी तंबूच्या कारखानदारास दोष देत बसतो.

यावर उपाय म्हणून तंबूस दोन आवरणें असतात. आंतील आवरण जाळीचें किंवा वाफ आरपार जाऊं देणाऱ्या पातळ कापडाचें. बाहेरचें पाणी अडविणारें. वाफ आंतल्या आवरणांतून निघून बाहेरच्यावर जाऊन थिजते, आणि तेथून थेंब ओघळून जमिनीवर जातात. दोहोंमध्यें चार बोटें अंतर असेल तरच ही युक्ति साधते. बाहेरचें कापड ढिलें पडून आंतल्यास चिकटलें कीं सगळें पाणी आंत आलेंच. एकाच आवरणाचे तंबू फार हलके असतात, आणि कोरड्या, वाऱ्याच्या मुलखांत ते चांगले उपयोगी पडतात. पण कोंकणांतल्या दमट हवेंत, किंवा भंडारदरा आणि पवना यांसारख्या जलाशयांच्या कांठीं, एका आवरणाच्या तंबूंत दोघांनीं रात्र काढणें म्हणजे फडकें हातांत घेऊन बसणें होय.

छपराच्या उंच भागीं वायुवीजनासाठीं झडप आहे कीं नाहीं, आणि ती पाऊस पडत असतांहि उघडी ठेवतां येते कीं नाहीं, हें घेतांना अवश्य पाहावें. बाहेरचें कापड जमिनीपासून थोडें वर राहात असेल तर खालून हवा शिरते आणि वरच्या झडपेंतून निघून जाते. स्वयंपाकघराच्या धुराड्याचाच हा प्रकार आहे. जागेच्या निवडीनेंहि पुष्कळ साधतें. थंड हवा जड असल्यामुळें रात्रीं ती खोलगट भागांत आणि पाण्याच्या कांठीं साचते. म्हणून तेथून दहावीस हात वर चढून मुक्काम केला तरी फरक जाणवतो. झाडाच्या फांद्यांखालीं दंव कमी पडतें, कारण आकाश झांकलेलें असतें; मात्र वर वाळलेली फांदी नाहीं ना, हें उजेड असतांनाच पाहून घ्यावें.

आंतलें आवरण जाळीचें कीं कापडाचें, याचें उत्तर जावयाच्या प्रदेशावर अवलंबून आहे. एप्रिलमध्यें रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाळी म्हणजे वरदान. डांस बाहेर, वारा आंत. हीच जाळी घेऊन लडाखच्या वाटेवर गेलें, तर थंड वारा जमिनीलगत शिरून रात्रभर अंगावरून वाहातो, आणि मोरे मैदानाची बारीक धूळ जाळींतून गाळून पिशवीवर, केसांत आणि डोळ्यांत बसते. दोन्ही मुलखांत हिंडणाऱ्यानें खालचा अर्धा भाग कापडाचा आणि वरचा जाळीचा असलेला तंबू शोधावा. तो मिळतो.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. पुष्कळ तंबूंत आधीं आंतलें आवरण उभारावें लागतें, आणि मग त्यावर बाहेरचें घालावें लागतें. जुलै महिन्यांत घाटमाथ्यावर पांच मिनिटांचें हें काम पुरें होईपर्यंत तळांत पाणी सांचलेलें असतें. ज्यांचें बाहेरचें आवरण आधीं, किंवा दोन्ही एकत्र उभारतां येतात, तेच तंबू अशा वेळीं कामाचे. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांतच पडतो. अशा पावसांत तंबूचा हट्ट धरण्यापेक्षां पायथ्याच्या गांवांत कोणाच्या ओसरीवर परवानगी मागून निजावें, हें अधिक शहाणपणाचें. तंबूचा हंगाम ऑक्टोबरपासून पुढें.

यानंतर जमीन. विलायती पुस्तकांत तंबूच्या मेखा हिरवळींत अलगद शिरतात. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर मातीचा थर वीतभरहि नसतो, आणि खालीं काळा कातळ असतो. कोंकणांतल्या सड्यांवर जांभा दगड. तेथें मेख वांकते, शिरत नाहीं. म्हणून मेखा न ठोकतां आपल्या दांड्यांवरच उभा राहणारा घुमटाकार तंबू महाराष्ट्रांत अधिक सोयीचा. बोगद्याच्या आकाराचे तंबू तेवढ्याच वजनांत अधिक जागा देतात, हें खरें. पण दोन्ही टोंकांस मेखा घट्ट बसल्यावांचून ते उभेच राहात नाहींत. कातळावर अशा तंबूशीं झटापट करणाऱ्यांस शेवटीं दगड गोळा करीत हिंडावें लागतें, आणि काळोखांत दगड उचलतांना त्याखालीं विंचू निघण्याचा संभव असतो.

परंतु 'आपल्या बळावर उभा राहणारा' याचा अर्थ 'बांधावा लागत नाहीं' असा नव्हे. रिकामा तंबू म्हणजे केवळ एक पतंग. कोंकणकड्यासारख्या ठिकाणीं वारा कड्याखालून वर उसळतो. तेथें दांड्या बसवून झाल्या आणि सामान आंत टाकावयाचें राहिलें, तर तेवढ्या क्षणांत तंबू कड्यापलीकडे जाऊं शकतो. उभारतांना एकानें धरून ठेवावें आणि दुसऱ्यानें आधीं पिशव्या आंत टाकाव्या. तणावे दगडास बांधतांना दोरी धारदार कडेवर घांसणार नाहीं असें पाहावें. वाळूंत मेखांऐवजीं कापडी पिशव्यांत वाळू भरून त्या पुराव्या. मेख वाळूंत टिकत नाहीं.

वाऱ्याचा नियम कठोर आहे. वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो. संध्याकाळीं ताशीं वीस किलोमीटरांनीं वाहणारा वारा मध्यरात्रीं चाळीसांवर गेला, तर तंबूवरील जोर दुपटीनें नव्हे, चौपटीनें वाढला. ठेंगणा तंबू आणि त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे, एवढें साधलें तरी बराच भार कमी होतो. दुकानांत तंबूस हातानें बाजूनें दाबून पाहावें. दोनच दांड्या मध्यभागीं एकमेकींस छेदून जात असतील तर मोठी सपाट बाजू आंत दबते. दांड्या आणखी एके ठिकाणीं एकमेकींस छेदीत असतील तर सांगाडा बराच ताठ राहातो.

दांड्या कशाच्या आहेत यावर तंबूचें आयुष्य ठरतें, आणि गिऱ्हाइकाचें लक्ष नेमकें येथेंच नसतें. स्वस्त तंबूंत कांचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या दांड्या असतात. त्या जड असतात, आणि तुटतांना उभ्या चिरतात. चिरलेली दांडी कापडहि फाडते आणि तिचें कुसळ बोटांत शिरतें. अॅल्युमिनियमची दांडी वांकते, पण बहुधा पूर्ण मोडत नाहीं, आणि मोडलीच तर वितभर लांबीची नळी त्या जागीं चढवून आणि चिकटपट्टी गुंडाळून उरलेला प्रवास पार पाडतां येतो. ही नळी तंबूबरोबर मिळते कीं नाहीं तें पाहावें. न मिळाल्यास वेगळी घ्यावी. तिचें वजन नगण्य आहे. बारालाचा आणि तंगलंग या खिंडींच्या मधल्या प्रदेशांत दांडी मोडली आणि नळी नसली, तर पांच हजार मीटरांच्या आसपास दोन माणसें छपरावांचून राहातात.

कापडाविषयीं बाजारांत दोन आंकडे ऐकूं येतात. पहिला डेनियर. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचें वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. आंकडा लहान तेवढें कापड तलम आणि हलकें. मोठा तेवढें राकट. दुसरा आंकडा पाण्याच्या स्तंभाचा. कापडावर उभी नळी ठेवून तींत पाणी चढवीत जावयाचें. किती मिलिमीटर उंचीस थेंब आरपार येऊं लागतात, तो हा आंकडा. बाहेरच्या कापडास १,५०० असला तरी साधा पाऊस अडतो. तळाची गोष्ट निराळी. साठ किलो वजनाचा माणूस गुडघे टेंकून बसला, त्याचें अर्धें वजन गुडघ्यांवर आलें आणि तें पन्नास चौरस सेंटिमीटर जागेवर पडलें असें धरलें, तर तेथील दाब सहा मीटर उंचीच्या पाण्याइतका होतो. म्हणजे ६,०००! म्हणून ओल्या जमिनीवर गुडघ्याखालून पाणी वर येतें, आणि म्हणून तळाचें कापड वरच्याहून जाड व चांगल्या थराचें असावें लागतें. खालीं आणखी एखादा प्लास्टिकचा तुकडा अंथरावयाचा असेल तर तो तळापेक्षां चहूंबाजूंनीं चार बोटें लहान कापावा. तो बाहेर डोकावला तर छपरावरून ओघळलेलें पाणी झेलून तो तें तंबूखालींच आणून सोडतो; हा अनुभव पुष्कळांनीं घेतलेला आहे आणि दोष तळास दिलेला आहे.

नायलॉन कीं पॉलिएस्टर, हा वाद फार ताणण्यासारखा नाहीं. नायलॉन त्याच वजनांत अधिक चिवट. पण तें पाणी पितें आणि भिजल्यावर सैल पडतें, म्हणून पावसांत मध्यरात्रीं उठून तणावे पुनः ओढावे लागतात. पॉलिएस्टर ओलें झालें तरी फारसें ताणत नाहीं, आणि उन्हांतहि अधिक टिकतें. सूर्यकिरणांतील अतिनील भाग उंचीवर प्रखर असतो, तेव्हां दिवसभर उगाच उभा ठेवलेला तंबू हिमालयांत लवकर विरतो. कापडावरील थर सिलिकोनचा असेल तर तो दीर्घकाळ टिकतो, परंतु त्याच्या शिवणींवर नेहमींची पट्टी चिकटत नाहीं. त्या वेगळ्या लेपानें बुजवाव्या लागतात. पॉलियुरेथेनचा थर स्वस्त आणि शिवणी बुजविण्यास सोपा. पण तंबू ओला गुंडाळून ठेवला तर हा थर कांहीं वर्षांत चिकट होतो, त्यास आंबूस वास येतो, आणि पापुद्रे सुटूं लागतात. रंगाविषयीं बोलावयाचें तर, धुक्यांत हरवलेल्या सोबत्यास भडक रंग दुरून दिसतो, एवढें पुरे.

वजनाचा प्रश्न दोघांच्या तंबूंत एका अर्थानें सोपा होतो, कारण तें वांटून घेतां येतें. एकानें कापडें घ्यावीं, दुसऱ्यानें दांड्या व मेखा. अडीच किलोचा तंबू वांटल्यावर प्रत्येकास सव्वा किलो येतो. पाठीवर वाहण्यास हें ठीक आहे. दीड किलोच्या आंतले तंबूहि मिळतात, परंतु शेवटच्या अर्ध्या किलोची किंमत पहिल्या दोन किलोंच्या किंमतीहून अधिक पडते, आणि तलम कापड जपावें लागतें तें वेगळेंच. मोटारीनें पवनेच्या कांठीं जाऊन एक रात्र राहणारानें त्यावर पैसे घालूं नयेत. पायीं आठ दिवस हिंडणारानें घालण्यास हरकत नाहीं. पैसे मर्यादित असतील, आणि ते बहुतेकांचे असतातच, तर ते आधीं दांड्यांवर खर्चावे, मग तळावर, आणि सर्वांत शेवटीं हलकेपणावर.

सायकलस्वारानें वजनाबरोबरच घडी केलेल्या दांड्यांची लांबीहि मोजावी. नेहमींच्या दांड्या घडी केल्यावर ४५ ते ५० सेंटिमीटर लांब राहातात आणि सायकलच्या बाजूच्या पिशवींत उभ्या मावत नाहींत. तीस सेंटिमीटरांच्या आंत घडी होणाऱ्या दांड्यांचे तंबू सायकलवाल्यांसाठींच निघाले आहेत. २०२० सालीं अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहूलांत जाणारास रोहतांगची खिंड टाळतां येते; बोगद्यापलीकडची चढण आणि संध्याकाळचा वारा मात्र कोणास टाळतां आलेला नाहीं, आणि तेथें हँडलवर आडवें बांधलेलें लांब बोचकें फार त्रास देतें.

एका बाबतींत तडजोड नाहीं. बंद तंबूंत स्टोव्ह, शेगडी किंवा निखारे कधींहि ठेवूं नयेत. थंडीनें काकडलेल्या माणसास ऊब मिळविण्याचा हा मोह होतो, आणि त्यानें माणसें मेलेलीं आहेत. जळतांना कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांत प्राणवायूची जागा अडवितो. डोकें दुखतें, गुंगी येते, आणि निजलेला माणूस उठत नाहीं. अंगारावर राख धरली म्हणजे तो विझला, अशी समजूत आहे. धुमसणाऱ्या कोळशांतूनच हा वायु अधिक निघतो. शिवाय नायलॉन पेटलें तर वितळून अंगास चिकटतें. स्वयंपाक बाहेर करावा. अगदींच निरुपाय झाला तर पडवीचें दार पूर्ण उघडून, वाऱ्याच्या आडोशास, आणि एकानें सतत जवळ बसून करावा. पडवी उंच आणि ऐसपैस असावी असें अनुभवी लोक म्हणतात तें यासाठींहि.

मुक्काम कोठें करतां येतो, याची चौकशी तंबू घेण्यापूर्वींच केलेली बरी. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा परिसर अभयारण्यांत मोडतो, आणि तेथें वनखात्याचे नियम लागू आहेत. संरक्षित किल्ल्यांवर सूर्यास्तानंतर राहूं दिलें जाईलच असें नाहीं. उत्तराखंडांतील उच्च न्यायालयानें २०१८ सालीं तेथील बुग्यालांवर, म्हणजे उंचावरील कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. रोज शेंकडों तंबू एकाच गवतावर पडले तर त्याखालचें गवत परत येत नाहीं, हें त्यामागचें कारण. ज्यास अशाच ठिकाणीं जावयाचें आहे त्यास भारी तंबूपेक्षां खालच्या गांवांतली एक खोली उपयोगी पडेल.

घरीं आल्यावर तंबू कितीहि कोरडा वाटला तरी तो दोरीवर पसरून सावलींत वाळवावा, आणि मूळच्या घट्ट पिशवींत न कोंबतां सैल कापडी पिशवींत ठेवावा. साबणाच्या पुडीनें किंवा यंत्रांत धुऊं नये. थर निघून जातो. साधें पाणी आणि मऊ फडकें पुरे.

आणि पहिली रात्र डोंगरावर काढूं नये. नवा तंबू आणल्याबरोबर गच्चीवर, काळोख पडल्यावर, विजेरी न लावतां दोघांनीं मिळून उभारून पाहावा. मेखा जेथें लागावयाच्या तेथें पाण्यानें भरलेल्या बादल्या ठेवाव्या. सर्व सामान आंत घ्यावें, दोन्ही मॅटी अंथराव्या, दारें लावावीं आणि सकाळपर्यंत निजावें. पहांटे नळीनें छपरावर पाणी सोडून शिवणी तपासाव्या. कोणाचे पाय कोठें टेंकतात, चेन कोठें अडकते, आणि शेजारचा घोरतो कीं काय, हें सर्व त्या एका रात्रींत कळतें. दुकानदाराची पावती तोंवर जपून ठेवावी, आणि वस्तु परत करण्याची मुदत संपण्यापूर्वींच ही गच्चीवरची रात्र उरकून घ्यावी.